'वाडा चिरेबंदी' : वारसा आणि वारस

प्रस्तावना
महेश एलकुंचवार यांचा जन्म १९३९ साली यवतमाळ जिल्ह्यातील पारवा येथे झाला. १९८५ साली विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आलेले त्यांचे 'वाडा चिरेबंदी' हे नाटक 'मग्न तळ्याकाठी' व 'युगान्त' यांसह नाट्यत्रयी म्हणून ओळखले जाते. सरंजामी कुटुंबाच्या ऱ्हासाचे नाटक म्हणून त्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. वास्तुवारशाच्या अंगाने मात्र त्याचा विचार तुलनेने कमी झालेला दिसतो.

विवेचन
धरणगावच्या देशपांडे वाड्यात तात्याजींच्या मृत्यूनंतर नाटक सुरू होते. तेराव्याचा खर्च कोणी करावयाचा, या प्रश्नातून घराचे आर्थिक पोकळपण उघडे पडते. दारातला गंजलेला ट्रॅक्टर हे अर्धवट आलेल्या आधुनिकतेचे प्रतीक आहे. भास्करला प्रतिष्ठा टिकवावयाची आहे, तर मुंबईहून आलेल्या सुधीरला वाटा हवा आहे. प्रभाचे शिक्षण थांबवले गेले आहे आणि चंदू घरातील कष्ट निमूटपणे उपसतो. दागिने घेऊन रंजू शिकवणीच्या मास्तरांबरोबर निघून जाते, तेव्हा घराण्याच्या वैभवाची उरलीसुरली खूणही जाते. चिरे जागेवर असतात; ढासळतात ती माणसे.

या ऱ्हासामागे इतिहास आहे. विदर्भासाठीचा १९५८ चा कुळवहिवाट कायदा आणि १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा यांनी मोठ्या जमीनदारीचा पाया बदलला. वाडा शेतीच्या उत्पन्नावर उभा असल्याने ते आटताच त्याची डागडुजीही थांबली.

फ्रान्समधील ग्रामीण गढीवजा वाड्यांचा अनुभव येथे तुलनेस घेण्याजोगा आहे. तेथे १९१३ मध्ये ऐतिहासिक वास्तूंचा कायदा झाला, आणि १९२४ मध्ये खाजगी ऐतिहासिक निवासांच्या मालकांची संघटना स्थापन झाली. खाजगी घर हाही सार्वजनिक ठेवा असू शकतो, ही जाणीव त्यातून रुजली. धरणगावच्या देशपांड्यांपुढे मात्र दोनच वाटा आहेत : ओझे वाहणे किंवा विकणे.

तथापि केवळ जतनाची मागणी या नाटकाला पुरेशी ठरत नाही. ज्या भिंतींनी प्रभाला कोंडले, त्या भिंतींचा गौरव कोणत्या अर्थाने करावयाचा, हा प्रश्न ते उपस्थित करते. नाटकाची मर्यादाही येथेच आहे. त्यातील पात्रे प्रामुख्याने कुटुंबातली आहेत. वाडा ज्यांच्या श्रमावर उभा राहिला, त्या गड्यांचा, मजुरांचा व बलुतेदारांचा आवाज रंगमंचावर जवळजवळ येत नाही. श्रमाचा सारा भार चंदू या घरच्याच मुलावर टाकल्याने सरंजामी शोषण कौटुंबिक व्यथेत विरघळते.

निष्कर्ष
'वाडा चिरेबंदी' वाड्याचे स्मरणरंजन करीत नाही, हे त्याचे मोठे सामर्थ्य होय. उमरखेड-ढाणकी परिसरासह विदर्भातील जुन्या वाड्यांची नोंद करताना केवळ दगड, लाकूड व नक्षी मोजून भागणार नाही. माजघरातील स्त्रिया आणि दाराबाहेरचे श्रमिक यांच्या स्मृतीही त्या नोंदीत याव्या लागतील. एलकुंचवारांनी यातील पहिली स्मृती समर्थपणे जपली आहे. दुसरी लिहिली जाणे अद्याप बाकी आहे.