परभाषेचे ऑनलाइन पाठ : एक आक्षेप

१९६७ च्या अधिनियमाने महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांना कायद्याचा आधार मिळाला. आज ग्रंथालयात संगणक व आंतरजाल असले, की परभाषाही तेथे शिकता येते. परंतु असे बहुतेक पाठ इंग्रजीच्या आधारे रचलेले असतात, हा त्यांचा मूलगामी दोष होय. जर्मनमधील तीन लिंगे इंग्रजी भाषकास नवी. पिंपळगाव राजा येथील विद्यार्थ्यास 'तो', 'ती', 'ते' हा भेद जन्मापासून अवगत असतो. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आहे, एवढेच त्याने नव्याने शिकावयाचे. जपानीतील वाक्यान्ती येणारे क्रियापदही त्यास परके नाही. सारांश, त्यास ज्ञात असलेलेच अवघड करून शिकविले जाते. म्हणून प्रत्येक पाठाबरोबर मराठीशी तुलना करणारे व्याकरण-टिपण ग्रंथालयात असावे. ते सिद्ध करणे हे आपल्यासारख्या विभागांचेच काम आहे.