वामनदादा कर्डक यांची गायकी : उसनी चाल आणि स्वतःचा शब्द

प्रस्तावना :
तुमसर तालुक्यातील चिखला हे मँगनीजच्या भूमिगत खाणीचे गाव होय. १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लोकसभेची पोटनिवडणूक भंडारा मतदारसंघातून लढविली व तीत त्यांचा पराभव झाला. श्रमिकांची वस्ती व आंबेडकरी चळवळ यांचा वारसा लाभलेल्या या परिसरात भीमगीत हे लोकशिक्षणाचे साधन ठरले. तथापि, ‘सिनेमाच्या चालीवरची प्रचारगीते’ असा शेरा मारून समीक्षेने या गीतांकडे दीर्घकाळ दुर्लक्ष केले. हा शेरा कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जीवनपट :
वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी येथे झाला. मुंबईत गिरणीसह मिळेल ती मजुरी त्यांनी केली. कोणी वाचावयास दिलेले पत्र वाचता आले नाही, या शरमेतून ते प्रौढ वयात अक्षरे शिकले. १९४३ मध्ये त्यांनी पहिले गीत रचले. ते एका हिंदी गीताचे विडंबन होते. पुढे सुमारे सहा दशके ते गावोगाव गात हिंडले. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ इत्यादी संग्रह प्रसिद्ध झाले. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले.

उसनवारीची दिशा :
येथे अमेरिकेतील रॉकबिली संगीताशी तुलना उद्बोधक ठरते. कार्ल पर्किन्स (१९३२-१९९८) हा टेनेसीतील बटाईदार गोऱ्या कुटुंबातील मुलगा. कापसाच्या शेतातील एका वृद्ध कृष्णवर्णीय मजुराकडून तो गिटार शिकला. गोऱ्यांचे ग्रामीण ‘कंट्री’ संगीत व कृष्णवर्णीयांचे ‘ब्लूज’ यांच्या मिश्रणातून त्याची शैली घडली व १९५६ मध्ये त्याची ध्वनिमुद्रिका अफाट खपली. दोघेही श्रमिक, दोघांनीही सूर उसने घेतले. परंतु उसनवारीची दिशा भिन्न आहे. पर्किन्स स्वतः दरिद्री असला, तरी ज्यांचे सूर त्याने घेतले ते कृष्णवर्णीय समाजव्यवस्थेत त्याच्याही खाली होते. नफा ध्वनिमुद्रिकेच्या व्यवसायात राहिला, मूळ शिक्षक मात्र अंधारात राहिला. वामनदादांनी चाल घेतली ती धनाढ्य चित्रपटसृष्टीकडून आणि दिली ती वस्तीला. श्रोत्याला चाल आधीच पाठ असल्याने नवा विचार त्वरित कंठस्थ होई. निरक्षर समाजासाठी चाल हीच पाटी होती. म्हणून ही उसनवारी प्रतिभेचा अभाव ठरत नाही. ती माध्यमाची डोळस निवड ठरते.

नाममुद्रा :
गीताच्या अखेरीस ‘वामन’ हे नाव गुंफण्याची त्यांची रीत संतांच्या अभंगांतील नाममुद्रेशी नाते सांगते. तिचे व्यावहारिक मोलही मोठे आहे. मौखिक प्रसारात गीत हातोहात फिरते, गायक बदलतात; तरी कर्त्याचे नाव गीतातच असल्याने ते सहजी पुसले जात नाही. पर्किन्सच्या गुरूला असे संरक्षण नव्हते.

मर्यादा :
या पद्धतीची किंमतही मोजावी लागते. मूळ चित्रपटगीत विस्मरणात गेले की त्यावर बेतलेली रचना कागदावर पांगळी भासते. उत्सवासाठी सतत रचना कराव्या लागल्याने काही गीतांत गौरवाची पुनरुक्ती आढळते. जेथे भाकरी, मजुरी व स्त्रीचे कष्ट यांचा थेट प्रत्यय येतो, तेथे मात्र ही कविता चालीच्या आधाराविनाही उभी राहते.

समारोप :
छापील पानावर चाल उतरत नाही. अभ्यासक्रमात केवळ शब्द शिकविले गेल्यास वामनदादांचे अर्धेच कार्य विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचेल. या चाली ज्यांच्या कंठात आहेत ती पिढी आता वृद्ध झाली आहे. मराठी विभागांनी आपापल्या परिसरातील अशा गायकांचे ध्वनिमुद्रण करून प्रत्येक गीतासोबत त्याच्या चालीची नोंद ठेवणे, हे संशोधनाचे तातडीचे कार्य होय.