समासातले साहेब

वर्डमध्ये 'ट्रॅक चेंजेस' नावाची एक सोय आहे. ती सुरू केली की मजकुरात कुणीही काहीही केलं तरी त्याची नोंद राहते. घातलेला शब्द रंगीत होतो आणि खाली रेघ ओढून बसतो. काढलेल्या शब्दाच्या पोटातून रेघ जाते. आणि ज्याला करायचं काही नाही, नुसतं बोलायचं आहे, त्याच्यासाठी उजव्या समासात कॉमेंटचा फुगा असतो. प्रत्येक माणसाचा रंग वेगळा. त्यामुळे चार साहेबांच्या हाताखालून गेलेलं पत्र रंगपंचमी खेळून आल्यासारखं दिसतं. आता पुस्तकांची परीक्षणं होतात, नाटकांची होतात; मग ज्याचे प्रयोग आमच्या बँकेत रोज हाऊसफुल्ल चालतात, त्याचं परीक्षण कुणीतरी करायला नको? म्हणून हे धाडस.

परीक्षणाच्या रीतीप्रमाणे आधी गुण. पूर्वी साहेब तांबड्या शाईने पत्र भादरायचे, आणि पुढे ते अंगाशी आलं की 'हे अक्षर माझं नव्हेच' म्हणायला जो तो मोकळा. आता नाव, तारीख, वेळ, सगळं पक्कं. बँकेच्या माणसाला हे मनापासून पटतं, कारण खाडाखोडीशेजारी सही हवी हा आमचा कुळधर्म. चेकच्या बाबतीत तर सीटीएस आल्यावर २०१० पासून तारखेची मुदत वाढवण्यापलीकडे कसलीच खाडाखोड चालत नाही. म्हणजे पाहा, दोन हजारांचा चेक लिहिणाऱ्याला एक अक्षर खोडायची मुभा नाही, आणि तो न वटल्याचं कळवणाऱ्या पाच ओळींच्या पत्रात मात्र त्रेचाळीस दुरुस्त्या!

गुण संपले.

शाळेत समास सोडवता येईनात म्हणून मी कॉमर्सला गेलो. नियतीने मला पुन्हा समासातच आणून बसवलं. दोन साहेब एकाच शब्दावरून एकाखाली एक उत्तरं देत बसतात, तो द्वंद्व समास. बाकीचे गप्प आणि 'तो पुरुष' एकटाच बोलतोय, तो तत्पुरुष. आणि ज्यातल्या एकाही शब्दाचा अर्थ न धरता भलताच तिसरा अर्थ घ्यायचा असतो, तो बहुव्रीही. उदाहरणार्थ, 'चर्चा करावी.' यात चर्चा नाही आणि करणंही नाही. याचा अर्थ, 'मी इतक्यात सही करणार नाही, विचारू नका.'

माणसांच्या या गर्दीत यंत्रही आपले फुगे सोडत असतं. मराठी मजकुराचं अक्षर जरा बदललं की समासात लगेच उमटतं, 'फॉर्मॅटेड : फॉन्ट : मंगल'. एका पानावर मी असे नऊ 'मंगल' मोजले. लग्नातसुद्धा आठात भागतं हो!

आणखी एक फसवी चीज म्हणजे 'नो मार्कअप'. ते निवडलं की सगळे रंग नाहीसे होतात आणि पत्र कसं आंघोळ करून, टिळा लावून उभं राहतं. पण गेलेलं काहीच नसतं. पाहुणे आले म्हणून पसारा पलंगाखाली सारावा, तसं. तो खरोखर काढायचा तर एकेक बदल 'अॅक्सेप्ट' नाहीतर 'रिजेक्ट' करावा लागतो, कॉमेंट पुसावे लागतात. हे भल्याभल्यांच्या लक्षात राहत नाही. मार्च २००४ मध्ये एससीओ या अमेरिकी कंपनीने डेमलरक्रायस्लर या मोटार कंपनीवर दावा लावला. त्या दाव्याच्या वर्ड फाइलमधला दडलेला मजकूर पत्रकारांनी पाहिला, तर प्रतिवादी म्हणून आधी नाव होतं बँक ऑफ अमेरिकेचं! आमचे व्यवसायबंधू थोडक्यात वाचले. पुढच्याच वर्षीचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफीक हरीरी यांच्या हत्येचा तपास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या पथकाचा अहवाल ऑक्टोबर २००५ मध्ये आला. पत्रकारांना मिळालेल्या फाइलमध्ये खोडलेली नावं तशीच होती, आणि त्यांत सीरियाच्या तत्कालीन अध्यक्षांचा भाऊ होता, मेहुणाही होता. अहवाल लांबलचक होता, पण गाजली ती खोडलेली नावंच.

माझा खरा आक्षेप इथे आहे. रंगीत तेवढं माणूस वाचतो. काळं ते बरोबरच असणार असं धरून चालतो. एकाने 'आपणांस'वरचा अनुस्वार काढला की दुसरा तो पुन्हा लावतो. तिसरा स्वल्पविराम देतो, नाहीतर त्याने फाइल पाहिलीच नाही असं दिसेल! दुरुस्ती म्हणजे एक प्रकारची हजेरीच. पत्र कुणी वाचलं, याचा रंग मात्र अजून निघालेला नाही.

आमच्याकडे एक आजी येत असत. यजमान गेलेले, खात्यात थोडीफार रक्कम, वारसाची नोंद नाही. कुठले कागद आणायचे एवढंच त्यांना लेखी हवं होतं. वरून आलेल्या नमुन्याबरहुकूम पत्र तयार झालं आणि प्रादेशिक कार्यालय, विधी विभाग असं करत रंगायला गेलं. आजी दर मंगळवारी यायच्या, बाकावर बसायच्या, पिशवीतून पासबुक काढून पुन्हा आत ठेवायच्या. आम्ही म्हणायचो, "आजी, वर गेलंय." त्या म्हणायच्या, "हेही वरच गेलेत रे बाबा. एकदम दोघांना कुठं शोधू?"

पाचव्या मंगळवारी पत्र आलं. आजींनी चष्मा विसरल्याचं सांगितलं, म्हणून मी वाचून दाखवलं. भाषा निर्दोष. अनुस्वार, स्वल्पविराम, सगळे जागच्या जागी. शेवटचं वाक्य होतं, 'सहीच्या पडताळणीसाठी खातेदाराने समक्ष उपस्थित राहावे.'

मी थांबलो. आजी काही बोलल्या नाहीत. पासबुक पिशवीत ठेवत एवढंच म्हणाल्या, "वाच की पुढचं."

पुढचं काही नव्हतं. मूळ फाइल उघडून पाहिली. चार रंगांच्या दुरुस्त्यांमध्ये ते एकच वाक्य काळंभोर होतं. शेजारच्या टेबलावरच्या मंडळींनी ते तिथल्या तिथे खोडलं, पत्र 'तातडीचे' म्हणून पुन्हा वर पाठवलं आणि मी स्वतः फोन करून पाठपुरावा केला. तीन दिवसांत फाइल परत आली. वाक्यावर तांबडी रेघ तशीच होती, आणि समासात नवा फुगा होता :

'हे का काढले? चर्चा करावी.'