सांत्वनाची घाई आणि तुकोबांची गाथा



तुमसर तालुक्यातले आमचे चिखला म्हणजे मँगनीजच्या खाणीचे गाव. मागे इथे एका तरुण मुलाच्या तेरवीला कीर्तन झाले. बुवांनी निरूपणाला तुकोबांचा तो अभंग घेतला, ज्यात दिवाळे, दुष्काळ, बायकोचा कर्कशपणा हे सारे भल्यासाठीच झाले असे ते देवाला सांगतात. मग आईकडे वळून बुवा म्हणाले, "माय, देवाने मोह तोडला, बरेच केले." माय उठून आत गेली. पुढे कित्येक दिवस ती हरिपाठाला आली नाही.

अभंग खरा आणि बुवांची श्रद्धाही खरी. पण माऊली, तो अभंग ज्याचे घर बुडाले त्याने स्वतः म्हटलेला आहे. दुसऱ्याच्या दारात जाऊन तुकोबा तसे बोलले नाहीत. सोसणाऱ्याच्या तोंडी जी शरणागती, तीच सांत्वन करणाऱ्याच्या तोंडी कठोर होते.

१६३०–३२ च्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली. आईवडील आधीच गेले होते, व्यापार बसला होता. या आघाताची हकिकत त्यांनी आत्मचरित्रपर अभंगात दिली आहे. तिचा क्रम नीट पाहा. हे सांगण्याजोगे नाही, पण संतांनी विचारले म्हणून सांगतो, अशी सुरुवात आहे. मग दुःख आणि लोकांत वाटलेली लाज येते. पुढे पडके देऊळ दुरुस्त करायला घेणे, एकादशीचे कीर्तन, संतांची वचने पाठ करणे, दुसऱ्यांच्या मागे धृपद धरणे. स्वतःची कविता त्यानंतर येते.

मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या पुस्तकात आघातातून सावरण्याचे तीन टप्पे सांगितले: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग माणसांशी पुन्हा जोडले जाणे. गाथा हे वैद्यकाचे पुस्तक नव्हे आणि ज्याला वैद्याची गरज आहे त्याला वैद्याकडेच न्यावे. तरीही विश्वासाच्या माणसांनी विचारल्यावर बोलणे, हाताला काम, इतरांच्या सुरात मिसळलेला आवाज, हे सगळे तुकोबांच्या हकिकतीत आहे.

आणखी एक गोष्ट निरूपणात हल्ली सुटते. तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, त्याला निष्ठुर ठरवतात. वह्या इंद्रायणीत गेल्यावर तर ते धरणे धरून बसले. हे अभंग आपण 'प्रेमाचा रुसवा' म्हणून हसत पुढे ढकलतो. पण ज्याचे मूल गेले त्याला आधी हेच अभंग हवे असतात. देवाला जाब विचारणाराही वारकरीच असतो, हे त्याला त्यातून कळते. राग गाळून नुसती शांती सांगितली, तर गाथा अर्धीच वाचली असे होईल.

म्हणून माऊली, दुःखाच्या घरी जाताना अर्थ सांगण्याची घाई करू नका. विचारा, ऐका, धृपद धरा. भले झाले की नाही, ते ज्याचे त्याला ज्याच्या त्या वेळी म्हणू द्या. कधीच म्हणावेसे वाटले नाही, तरी त्याची भक्ती उणी ठरत नाही.

आमच्याकडे बाया आता संध्याकाळी त्या मायच्या ओसरीवर बसून हरिपाठ म्हणतात. ती अजून म्हणत नाही. पण आत उठूनही जात नाही.

रामकृष्णहरी.