गोंडवनातला दगड कुणाची साक्ष देतो?

हवामानबदलावर मराठीत अलीकडे जे लिहिले जाते, त्यात एक वाक्य हमखास भेटते : हवामान पूर्वीपासून बदलतच आले आहे, मग आताच्या बदलाचे खापर माणसावर का? या वाक्याचा पूर्वार्ध अगदी खरा आहे, आणि त्याचा पुरावा चंद्रपूर जिल्ह्यातच आहे. माझा आक्षेप उत्तरार्धावर आहे.

चंद्रपूरच्या पश्चिमेला, पैनगंगेच्या काठी इरई नावाचे गाव आहे. (औष्णिक केंद्राला पाणी देणाऱ्या इरई धरणाशी त्याची गल्लत नको.) भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी १८७५ साली इथल्या चुनखडीच्या खडकावरचे ओरखडे नोंदवले. त्यावर लहानमोठ्या गोट्यांचा, मातीत कालवल्यासारखा थर. बर्फाच्या वजनाखाली दगड घासत गेले की खडकावर अशा रेघा उमटतात. मे महिन्यात जिथे पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तिथे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हिमनद्या होत्या. मग बर्फ वितळले, दलदलीत ग्लोसोप्टेरिसची झाडी माजली, गाडली गेली आणि आज आपण खणतो तो कोळसा झाला. पुढे गडचिरोलीत, सिरोंच्याजवळच्या कोटा गावच्या चुनखडीत मासे अश्मीभूत झाले, वडधमला झाडांचे ओंडके दगड बनले. या साऱ्यात माणसाचा हात नव्हता, कारण माणूसच नव्हता.

निसर्गवादी पक्ष इथे थांबतो. पण वणवेही माणसाच्या आधीपासून विजेने लागत आले आहेत, म्हणून गडचिरोलीतला वनरक्षक प्रत्येक वणव्याचे कारण आभाळात शोधत नाही. आग कुठून सुरू झाली, त्या दिवशी वीज पडली होती का, हे तो पाहतो. प्रश्न नेहमी ‘या वेळी कशाने’ असाच असतो. शिवाय इरईचा दगड त्या पक्षाला वाटतो तितका त्यांच्या बाजूचाही नाही. त्या हिमयुगात हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी होता, आणि तो कमी होण्याचे एक कारण वनस्पतींमधला कार्बन जमिनीत गाडला जाणे हे मानले जाते. म्हणजे निसर्गाने केलेल्या बदलातही हाच वायू कामाला होता. निसर्गाने लाखो वर्षे घेऊन पुरलेले आपण दीडएकशे वर्षांत उकरून जाळले, एवढाच काय तो फरक, आणि तो लहान नाही.

हवेतला वाढीव कार्बन आपलाच, हे कशावरून? इथे एका घराण्याची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. गोंडांच्या राज्यावरून भूवैज्ञानिकांनी या खडकांना ‘गोंडवन’ हे नाव दिले, आणि ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड स्यूस यांनी १८८५ साली त्यावरून एका लुप्त महाखंडाचे नाव ठेवले. त्यांचे नातू हान्स स्यूस यांनी १९५५ साली अलीकडच्या लाकडातला किरणोत्सारी कार्बन मोजला. तो अपेक्षेपेक्षा कमी भरला. कोट्यवधी वर्षे जुन्या कोळशात हा कार्बन उरलेलाच नसतो. त्याच्या धुराने हवेतले प्रमाण पातळ होत होते. ज्वालामुखीच्या वायूतही तो नसतो, ही शंका रास्त आहे. पण कोळसा मुळात वनस्पतींचा, म्हणून त्यातला कार्बन हलका; ज्वालामुखीचा तसा नसतो. हवेतला कार्बन वर्षागणिक हलका होत आहे, शिवाय ज्वलनाला लागणारा प्राणवायूही किंचित घटतो आहे. सूर्याचे म्हणाल, तर १९७८ पासून उपग्रह त्याचे तेज मोजत आहेत. तापमान चढले त्या काळात ते वाढत गेलेले नाही. आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालात ‘बहुधा’ हा शब्द उरला नाही, तो या पुराव्यांमुळे.

तज्ज्ञ चुकत नाहीत असे नव्हे. हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, हे याच मंडळाच्या २००७ च्या अहवालातले विधान निराधार निघाले. भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांच्या २००९ च्या निबंधाने वाद पेटला आणि २०१० मध्ये मंडळाला ते मागे घ्यावे लागले. रैनांना हे श्रेय द्यायलाच हवे. मात्र हिमनद्या किती वेगाने वितळतात हा एक वाद आणि पृथ्वी का तापते हा दुसरा. पहिल्यातली जीत दुसऱ्यात खपवण्याचा उद्योग तेव्हापासून चालू आहे.

असाच घोटाळा आपल्या बाजूचे लोकही करतात. चंद्रपूरचा उन्हाळा औष्णिक केंद्रामुळेच, असे भाषणांत सर्रास ऐकू येते. मग ब्रह्मपुरीचे काय? तिथे औष्णिक केंद्र नाही, तरी देशातल्या सर्वाधिक तापमानांच्या यादीत तिचे नाव वारंवार असते. समुद्रापासून दूर, सखल, कोरडा मुलूख उन्हाळ्यात तापणारच. केंद्राची राख आणि धूर चंद्रपूरकरांच्या छातीत जातो, हे वेगळे आणि गंभीर प्रकरण आहे. त्याचा कार्बन मात्र चंद्रपुरात थांबत नाही, साऱ्या जगाच्या हवेत मिसळतो. या दोन गोष्टी एकत्र कालवल्या, की पहिलाच चौकस माणूस ब्रह्मपुरीकडे बोट दाखवतो आणि खऱ्या मुद्द्यावरचाही विश्वास उडतो.

माझी शेवटची तक्रार ‘मानवनिर्मित’ या शब्दाशी आहे. कोणता मानव? अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ सालीच विचारले होते, की जगण्यासाठीचा धूर आणि चैनीसाठीचा धूर एकाच मापाने कसा मोजता? त्यांचा रोख श्रीमंत देशांवर होता. तो प्रश्न राज्याच्या आतही लावता येतो. भामरागडचा माडिया मानव आणि वातानुकूलित दालनात ‘मानवाने निसर्गाला ओरबाडले’ असे लिहिणारा मानव या एका शब्दात शेजारी बसतात. गडचिरोलीचे सुमारे सत्तर टक्के क्षेत्र जंगलाखाली आहे. तो कार्बन राखण्याची अपेक्षा तिथल्या माणसाकडून, आणि कोळसा जळतो तो शेजारच्या जिल्ह्यात. चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. तिथून निघालेली १,५०० मेगावॉट क्षमतेची उच्चदाब वाहिनी साडेसातशे किलोमीटर धावून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला, मुंबईच्या उंबरठ्यावर उतरते.