आवडत्या यादीतलं घर



आजचा विषय तसा हलकाफुलका वाटेल. आपले आवडते चित्रपट आणि आवडत्या मालिका. अशी यादी आपल्यापैकी प्रत्येकाकडे असते. कुणी विचारलं की आपण पटापट चार-पाच नावं सांगतो, समोरचा त्याची नावं सांगतो, थोडा वाद होतो आणि शेवटी 'जाऊ दे, आपापली आवड' म्हणून विषय संपतो. समीक्षकही बहुतेक वेळा तिथेच थांबतात. श्रेष्ठ काय यावर ते पानंच्या पानं लिहितील, पण आवडतं काय हा त्यांना चाहत्यांचा प्रश्न वाटतो.

आम्हाला मात्र वाटतं की आवडीलाही कारणं विचारावीत. श्रेष्ठ कलाकृती आपण एकदा पाहून तिला नमस्कार करू शकतो. आवडती मात्र आपण पुन्हा पुन्हा पाहतो, आणि जे पुन्हा पुन्हा पाहतो ते आपल्याला घडवतं. मग ते काय घडवतं, हे तपासायला नको का?

म्हणून आज आम्ही आमचीच यादी पुढे ठेवतो. पाच नावं आहेत. चित्रपट चार: 'अशी ही बनवाबनवी', 'उंबरठा', 'फँड्री' आणि 'कोर्ट'. मालिका एक: 'प्रपंच'. काळ वेगळे, दिग्दर्शक वेगळे, जातकुळी तर पार वेगळी. पण ही नावं शेजारी शेजारी मांडली की एक गोष्ट दिसते. पाचही ठिकाणी प्रश्न घराचा आहे. घर कुणाला मिळतं, कुणाला सोडावं लागतं आणि कुणाला मुळात दारातच उभं करत नाहीत.

सुरुवात 'बनवाबनवी'पासून करू, कारण इथे बसलेल्या निम्म्या लोकांना तो तोंडपाठ असणार. 1988 सालचा हा चित्रपट. दिग्दर्शन सचिन पिळगांवकरांचं, लेखन वसंत सबनीसांचं. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या 1966 सालच्या 'बीवी और मकान'वरून घेतलेली. त्या हिंदी नावातच सगळं आलं बघा: बायको आणि घर. पुण्यात चार तरुणांना राहायला जागा हवी आहे. सरपोतदारांनी बाहेर काढलंय, आणि लीलाबाई काळभोर जागा देणार ती जोडप्यांनाच. मग परशुरामची पार्वती होते आणि सुधीरची सुधा.

आपण हसतो ते लक्ष्मीकांत बेर्डे आणि अशोक सराफ यांच्या टायमिंगवर. ते हसू अगदी खरं आहे, त्याला कमी लेखायचं काहीच कारण नाही. पण त्या हसण्याखाली एक जोता आहे, तोही पाहायला हवा. एकट्या पुरुषाला या शहरात जागा नाही, हा नियम चित्रपट गृहीत धरतो. नियम कुणी मोडत नाही. सगळे त्यातून पळवाट काढतात आणि शेवटी चौघांच्या जोड्या जुळतात, म्हणजे नियमात बसतात. विनोद इतका उबदार वाटतो तो म्हणूनच. खोटं बोललात तरी शेवटी घर तुम्हाला पोटात घेईल, असं आश्वासन त्यात आहे. आता जरा विचार करा. आजही भाड्याची जागा शोधताना आडनाव, धर्म, आहार, लग्न झालंय की नाही, हे सगळं विचारलं जातं. साडी नेसून ज्यांचा प्रश्न सुटणार नाही, अशी कितीतरी माणसं त्या दाराबाहेर उभी असतात. चित्रपटाला ती दिसत नाहीत. तीस-पस्तीस वर्षं पारायणं करताना आपल्यालाही ती दिसायची राहून जातात.

याच चित्रपटात घराबाहेर काढणारे सरपोतदार होते सुधीर जोशी. पुढे 1999 साली अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली आणि तिच्या सुरुवातीच्या काळात प्रतिमा कुलकर्णी यांची 'प्रपंच' आली. तिथे हेच सुधीर जोशी समुद्राकाठच्या एका भरल्या घरात वडीलधारे म्हणून भेटतात. काढणारा माणूस सांभाळणारा झाला! 'प्रपंच'मध्ये कटकारस्थानं नव्हती. माणसं एकमेकांशी बोलत, रुसत, जेवायला एकत्र बसत. मालिकेचं सामर्थ्य वेळेत असतं. चित्रपटातलं घर आपण दोन-अडीच तास पाहतो. मालिकेतल्या घरात मात्र आपण इतक्या वेळा जातो की तिथला झोपाळा कुठे आणि स्वयंपाकघर कुठे हे आपल्याला पाठ होतं. एकत्र कुटुंबं सुटत चालली होती त्या काळात या मालिकेनं कितीतरी छोट्या फ्लॅटमधल्या लोकांना एक मोठं घर उसनं दिलं. आमचा जीव तिच्यावर आहे तो यासाठीच.

आता इथपर्यंतची यादी म्हणजे आपल्याला आत घेणारी यादी झाली. आणि बहुतेकांची यादी इथेच संपते. आमचं म्हणणं असं की इथे संपली तर ती अर्धी राहते.

'उंबरठा' घ्या. 1982 साल, दिग्दर्शक जब्बार पटेल. शांता निसळ यांच्या ज्या कादंबरीवर तो आधारलेला आहे तिचं नावच 'बेघर'. स्मिता पाटील यांची सुलभा सुखवस्तू घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते. घरात तिला कुणी छळत नाही, आणि खरी मेख तीच आहे. छळ असता तर प्रेक्षकाला सोपं गेलं असतं. इथे घर चांगलं आहे, माणसं सभ्य आहेत, आणि तरीही तिच्या कामाला तिथे जागा नाही. ती परत येते तोवर नवऱ्यानं आपली सोय लावलेली असते. 'प्रपंच'मधलं भरलं घर आवडणाऱ्या आम्हाला हा चित्रपट विचारतो: त्या घरातल्या बाईला बाहेर जायचं असतं तर?

'फँड्री' तर घराच्याही अलीकडे थांबतो. नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटात कैकाडी समाजातल्या जब्याचं घर गावाच्या कडेला आहे. त्यानं साडी नेसली काय, नवी पँट घातली काय, पळवाट त्याच्यासाठी नाहीच. सगळं गाव गंमत म्हणून बघत असताना त्याला घरच्यांबरोबर डुक्कर पकडावं लागतं. शेवटी तो दगड भिरकावतो आणि दगड थेट पडद्यातून आपल्याकडे येतो. का? कारण तोवर आपणही बघ्यांतच होतो.

आणि शेवटी 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणे यांचा हा चित्रपट 2014 साली व्हेनिसच्या महोत्सवात गाजला. गटारात उतरणारा एक सफाई कामगार मरतो आणि एका वृद्ध लोकशाहिरावर आरोप येतो की त्याच्या गाण्यामुळे त्यानं आत्महत्या केली. कॅमेरा कोर्टातून निघून वकिलांच्या घरी जातो. सरकारी वकील नूतन लोकलनं घरी जाते, स्वयंपाक करते. अगदी आपल्या ओळखीची बाई. सुट्टीच्या दिवशी कुटुंब मराठी नाटकाला जातं. नाटकात घरातल्या मुलीनं पसंत केलेल्या परप्रांतीय मुलाला बाप घराबाहेर हाकलतो आणि प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणतं.

मंडळी, त्या खुर्च्यांत बसलेले आपणच आहोत. आपल्या आवडत्या नाटकाला, आपल्या आवडत्या विनोदाला हसणारे. ताम्हाणे त्या हसण्यावर काही भाष्य करत नाहीत, फक्त ते ऐकवतात. पण सोमवारी हीच बाई कोर्टात उभी राहून म्हाताऱ्या शाहिराविरुद्ध सराईतपणे बोलते, तेव्हा रविवारच्या टाळ्या आणि सोमवारचा युक्तिवाद यांच्यातला धागा आपला आपल्याला सापडतो.

मग 'बनवाबनवी' सोडून द्यायचा का? मुळीच नाही! आम्ही तो पुढच्या वेळी लागला तरी बघणार आणि हसणारच. आत घेणाऱ्या कलाकृतींशिवाय माणूस जगेल कसा? पण यादीत दाराबाहेर उभी करणारी एक-दोन नावंही हवीत. ती असली की आत घेणारी नावंही आपण जास्त नीट बघतो. 'कोर्ट' पाहिल्यावर लीलाबाईंच्या बंगल्याचं दार आम्हाला पहिल्यासारखं दिसत नाही. हसू मात्र तितकंच येतं.

तेव्हा एक काम देतो. घरी गेल्यावर तुमची पाच नावं कागदावर लिहा. प्रत्येकासमोर दोनच गोष्टी लिहा: यात घर कुणाला मिळालं, आणि कोण बाहेर राहिलं. दुसरा रकाना पाचही ठिकाणी कोरा राहिला, तर सहाव्या नावासाठी जागा ठेवा.