वहीची मुदत ठेव

चित्रकाराची वही कशी असावी? आम्हां कॉमर्सवाल्यांच्या भाषेत, चालू खात्यासारखी! रोज उघडावी, रोज काहीतरी भरावे. पण ३०० जीएसएमचा कागद, कापडी बांधणी, वर रबरी पट्टा, असला ऐवज घरात आला की माणूस त्याची मुदत ठेवच करतो. पहिले पान बिघडेल या धाकाने शेवटचेही कोरे! इंग्रज चित्रकार टर्नर १८५१ साली वारला, तेव्हा मागे सुमारे ३०० वह्या उरल्या. कितीतरी खिशात मावणाऱ्या, घाईघाईत पेन्सिलीने भरलेल्या. मोठ्या चित्रांचे भांडवल तेच. म्हणून वहीची पारख दुकानात नव्हे, एसटी स्टँडवर करावी. पाठीला जाड पुठ्ठा असावा, उभ्याउभ्या रेघ ओढता यावी आणि पान बिघडले तरी काळजात चर्र होऊ नये. झाली वही पास!